बिशपच्या अंगावरची लोकर

नोएलीन टलॉकचा देवापेक्षा लोण्यावर जास्त विश्वास. बोट भाजलं, लाव लोणी. दार कुरकुरलं, लाव लोणी. नवरा रुसला, तर गरम पावावर चांगलं बोटभर. डॉक्टरांनी नवऱ्याचं लोणी बंद केलं, तेव्हा तिनं डॉक्टर बदलला. तीस वर्षं तिनं टापानुई गावाच्या आसपास मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घातलं. नवरा गेला, टोळ्यांचं काम सुटलं, आणि घरात उरले दोघं. ती आणि बिशप. बिशप म्हणजे वासराएवढा काळा-तांबडा मेंढपाळी कुत्रा. मेंढी दिसली की शेपूट घालायचा, एवढी एक गोष्ट सोडली तर गुणी.

फेब्रुवारीतल्या शेतकी प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच हा गुणी पाइनच्या जंगलात गेला आणि नुकत्याच तोडलेल्या ओंडक्यांवर उन्हात ताणून झोपला. परत आला तो अर्धं जंगल अंगावर घेऊन. राळेत चिकटलेल्या पाइनच्या पानांच्या सुया, त्याची दोन शंकूसारखी फळं, आणि मागच्या बाजूला कुणा लाकूडतोड्याचा हातमोजा.

"हा कुत्रा आहे की नाताळचं झाड?" कुंपणापलीकडून शेजारी मर्व्ह हिसलॉपनं विचारलं. "टर्पेंटाइन ओत त्याच्यावर. पाइनचा चीक, पाइनचंच तेल. काट्यानं काटा काढायचा!"

"तुझ्या डोक्यावर ओत आधी. उगवलं काही, तर मग बघू."

तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "टर्पेंटाइन अजिबात नको, कातडी सोलवटेल. चाटलं तर पोटात विष. तेल किंवा लोणी चोळा, मुरू द्या, कंगव्यानं विंचरा, मग भांडी घासायच्या साबणानं धुवा. नाहीच निघालं तर केस कातरा."

नोएलीनला 'लोणी' एवढंच ऐकू आलं. अर्ध्या किलोच्या चार वड्या तिनं बिशपला चोळल्या आणि मुरायला म्हणून त्याला अंगणात बसवलं. मर्व्ह मात्र आपल्या लाडक्या मेंढीची अख्खी लोकर स्पर्धेला नेण्याच्या गडबडीत असूनही लोण्याची गंमत बघायला आत डोकावला आणि जाताना फाटक उघडंच ठेवून गेला. वाऱ्यावर प्रदर्शनातल्या सॉसेजचा वास आला. बिशप उठला आणि निघाला.

त्याला धरायला सहा जण धावले. ज्याच्या हाती तो लागला, त्याच्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला. हवालदारानं शेपूट घट्ट पकडली. शेपूट गेली, मूठभर लोणी राहिलं. बिशप लोकरीच्या मंडपात शिरला, टेबलावर चढला आणि मर्व्हच्या लोकरीत मनसोक्त लोळला. उठून उभा राहिला तेव्हा तो मेंढी झाला होता. राळेनं एक तंतू सोडला नव्हता.

नेमके तेव्हाच परीक्षक अलास्टर बेग आत आले. हा माणूस इतका काटेकोर, की मुरंब्याच्या स्पर्धेत त्यानं स्वतःच्या आईला शेवटचा नंबर दिला होता.

"अहो बेग, तो कुत्रा आहे!" धापा टाकत पोहोचलेली नोएलीन ओरडली.

"मी लोकर तपासायला आलोय, बाई. लोकरीच्या आत कोण असावं, हे नियमांत कुठंच लिहिलेलं नाही."

त्यांनी बिशपच्या पाठीवरची एक बट ओढून काढली, तुटल्याचा आवाज येतो का ते ऐकायला कानाजवळ नेऊन ताणली. "कस उत्तम. लांबी छान. आणि स्निग्धता..." ते क्षणभर थांबले. "अशी स्निग्धता चाळीस वर्षांत पाहिली नाही."

दुसरं बक्षीस.

"पहिलं का नाही?" मर्व्ह गरजला.

"हातमोजा," बेग म्हणाले.

आता ही लोकर काढायची कशी? शेजारी कातरणीचं प्रात्यक्षिक चाललं होतं, पण टोळीचा मुकादम कॉल रेक्स म्हणाला, "कुत्रा? नाव नको घेऊस. आमची पोरं आयुष्यभर हसतील."

"मग यंत्र इकडे दे."

"तू?"

"तीस वर्षं तुमच्या ताटात वाढत होते, डोळे मिटून नव्हते वाढत!"

कॉलनं यंत्र दिलं. तिनं बिशपला ढुंगणावर बसवलं, मान गुडघ्यात धरली, आणि पोटापासून सुरुवात केली. लांब, सावकाश हात. एकदा दाते राळेनं अडकले. तिनं ते पुसले आणि पुन्हा चालू. शेवटी सगळं एकसंध उतरलं: वर मेंढीची लोकर, खाली कुत्र्याचे केस, मध्ये राळ, सुया आणि शंकू. नोएलीननं यंत्र खाली ठेवलं, तेव्हा कॉलनं स्वतः जाऊन तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो कातरणाऱ्यांच्या फळीवरच बसून, पाय पसरून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

बिशप डुकराच्या पिलासारखा गुलाबी दिसत होता. लाजून तो तीन दिवस कपडे धुवायच्या यंत्रामागून बाहेर आला नाही.

पुढच्या महिन्यात प्रदर्शनाच्या समितीनं ठराव मांडला: लोकरीच्या आत काहीही जिवंत नसावं. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, अलास्टर बेग यांचं.