पायाला हात

पुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा सासूबाईंना धरून मी कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं. उचगावच्या एका शाळेत आमची सोय झाली. वाटेत सासूबाईंच्या तळव्यात खिळा घुसला होता. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या पायाला जाणीव नव्हती; कळलं ते दोन दिवसांनी, वासावरून. त्यांनी हळद लावली, चिंधी बांधली आणि विषय संपवला.

शाळेत दवाखाने दोन. दारातल्या खोलीत इथलाच एक डॉक्टर सुया टोचायचा. तिथं रांग जिन्यापर्यंत. टोकाच्या वर्गात परदेशातून आलेले दोघे बसायचे, एक डॉक्टर आणि एक नर्स. कुठल्या देशाचे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते पाय धुऊन द्यायचे, बोटांमधल्या चिखल्यांना औषध लावायचे, जखमा साफ करायचे. म्हणजे त्यासाठी बसलेले असायचे; जातंय कोण?

"सुई न्हाय, सलाईन न्हाय. ह्यास्नी डॉक्टर कोण म्हणल?" शेजारच्या सतरंजीवरची बाई म्हणाली.

"आणि पावण्यानं आपलं पाय धरायचं? कुठं फेडायचं हे पाप?" सासूबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी ती नर्स आमच्यासमोरून जाताना थांबली. तिला वास आला होता. ती खाली बसली, पायाकडे हात नेला. सासूबाईंनी पाय लुगड्यात ओढला. "ए पावणं! हात लावू नगंस, सांगून ठेवते!"

नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि आडवा तळहात स्वतःच्या घोट्यावर सुरीसारखा फिरवला. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. इथं तेवढंही लागलं नाही.

मी वैतागले. "आत्ती, पाय कापायची पाळी आलीय. मी लावला हात तर चालंल?"

"तू लाव की. सून हायस. दिवाळीला पाया पडतीसच."

मग नर्स शेजारी बसून दाखवायची आणि मी करायची, सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या सासूबाईंनी मुकाट घेतल्या. गोळीला पाप लागत नव्हतं. पहिल्या दिवशी पू बघून मला उलटी झाली. नर्स थांबली, मी आल्यावर तिनं नवे हातमोजे पुढे केले. एकदा मी घाणेरड्या हातानं स्वच्छ पट्टी उचलली तर तिनं चापटीच मारली. राग आला, पण चूक माझी होती. काढलेली पट्टी ती दर वेळी नाकाशी धरायची. सहाव्या दिवशी तिनं ती माझ्या नाकाशी धरली. वास गेला होता.

दुसऱ्या सकाळी ते दोघे निघून गेले. शाळेचं गेट उघडायलासुद्धा कुणी उठलं नाही. डॉक्टरनं जीपमधून उतरून स्वतःच उघडलं.

पाणी ओसरल्यावर गल्लीनं सत्कार ठेवला. सुयावाल्या डॉक्टरला फेटा, खिचडी वाटणाऱ्यांना नारळ, आणि मला आदर्श सून म्हणून शाल. मी माईक घेतला. म्हटलं, पाय त्या परदेशी नर्सनं वाचवला, मी नाही.

पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "ती नुसती बसली हुती की! हात हिनं लावला!"

मांडव हसला, टाळ्या पडल्या. खोटं तर त्या बोलत नव्हत्या. शाल घेऊन मी खाली उतरले. सासूबाई माझ्याआधी, दोन्ही पायांवर चालत, जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या होत्या.