मामाजींची गाडी आणि माझी सायकलची ट्यूब

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात जंगलातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर लोक आधी काचा वर करतात आणि मग काय बिघडलं ते विचारतात. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, मूल गावाच्या अलीकडच्या एका फाट्याच्या आत मी गाडीखाली उताणा पडलो होतो. दोष सगळा (वैशालीच्या, म्हणजे बायकोच्या मते) माझ्या हुशारीचा!

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. पांढरी अँबेसेडर, वयानं माझ्याहून मोठी. मामाजी निवृत्त मुख्याध्यापक. गाडीला रोज स्वतः पुसायचे, आणि तिला कोणी जुनी म्हटलं की त्या माणसाशी दोन दिवस अबोला! डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि पुतणीचा साखरपुडा ठरला, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "पुतणीच्या साक्षगंधाले आपल्याच गाडीनं जाऊ. जवाईबापू चालवतीन. नीट नेली-आणली, तर गाडी त्याहिची. नाई तर नागपूरचे जवाई हायेतच."

मला ती गाडी हवी होती. अगदी लहान पोरासारखी हवी होती! ऊर्जानगरला, पॉवर हाउसच्या आमच्या क्वार्टरांसमोर नुसत्या मोटारसायकली. त्यांच्या मधोमध ती पांढरीशुभ्र गाडी मी महिनाभर मनातल्या मनात उभी करत होतो.

अडचण एकच होती. सायलेन्सर ठोकत होता. ज्या रबरावर त्याचा पाइप लटकतो ते रबर फाटलं होतं, त्यामुळे खड्डा आला की पाइप वर जाऊन आदळायचा. ठण्! चंद्रपूरचे रस्ते पाहता, ठण्-ठण्-ठण्!

"मेकॅनिककडे न्या," मामाजी म्हणाले.

"कायले, मामाजी? मी वीस वर्षं झाले पॉवर हाउसात पाइपच पाहून राह्यलो न!"

(हे खोटं नव्हतं. मी तिथे स्टोअरमध्ये आहे. पाइप रॅकवर ठेवलेले असतात, मी ते पाहतो.)

सायकलची जुनी ट्यूब कापली, तिची पट्टी पाइपाला तीनदा गुंडाळून वर गाडीला करकचून बांधली. आवाज बंद! मामाजींनी गल्लीत एक चक्कर मारायला लावली आणि "वा" म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती; हा त्यांचा पहिला वा.

साक्षगंधाच्या दिवशी मागे मामी (माझ्या सासूबाई) आणि वैशाली, पुढे मामाजी, मामींच्या मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा, अशी स्वारी निघाली. फाट्यावरून आत वळलो, दोन्हीकडे जंगल सुरू झालं आणि मामींनी नाक वर केलं.

"कोणाचं काई जळून राह्यलं का जी?"

"मोहाखालचा पाचोळा जाळला असंल लोकाहिनं," मी म्हणालो. मोहफुलं वेचायच्या आधी लोक तो जाळतातच. पण पाचोळ्याला रबराचा वास येत नाही, आणि तापलेला सायलेन्सर सायकलच्या ट्यूबला सोडत नाही, या दोन्ही गोष्टी मला त्याच क्षणी कळल्या. धडाड! पाइप रस्त्यावर घासत फरफटायला लागला.

"थांबवा! ठिणग्या उडून राह्यल्या. जंगल पेटवता का?" मामाजी ओरडले.

मी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढायच्या आत तिन्ही काचा वर गेल्या होत्या! मोबाइलला रेंज नाही. मागच्याच आठवड्यात या रस्त्यावर वाघीण दिसली होती, ही माहिती मामींनी नेमकी आत्ता दिली.

"डिकीत कुंपणाची तार हाय," मामाजी म्हणाले. "जा."

"मी?"

"पाइपाचं तुमालेच समजते न?"

माझी पाचावर धारण बसली. शेवटी मामाजींनीच तोड काढली. जंगलात जाणाऱ्या बाया डबा वाजवत, मोठ्यानं बोलत जातात. आवाज असला की वाघ लांब राहतो. तेव्हा मामींनी काच दोन बोटं उघडी ठेवून लाडवांचा डबा किल्ल्यांच्या जुडग्यानं बडवायचा, आणि मी बिनघोर काम करायचं. डबा थांबला तर काय करायचं, हे मात्र कोणी ठरवलं नाही. आम्ही सगळे शहाणेच!

मी गाडीखाली सरकलो. पाय बाहेर राहिले. (माझी उंची साडेपाच फूट, त्या दिवशी मला फक्त पायच जास्त लांब वाटत होते!) पाइप चटका देत होता, तार नाकात जात होती. वरून डबा वाजत होता, टण्-टण्-टण्, आणि प्रत्येक टणत्काराला मी मामींना मनोमन नमस्कार करत होतो. तार बसली. शेवटचे दोन पीळ उरले.

आणि डबा थांबला.

"मामी?"

"वैशाली? ए वैशाली!"

चिडीचूप. बाहेर पाचोळा तेवढा चुरचुरला. जीव जातो की काय असं झालं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाडू! डबा उघडला असणार! मी इथे मरणाच्या दारात, आणि हे लोक आत बसून लाडू खात आहेत! भीतीचा असा काही संताप झाला, की तोंडावर ताबाच उरला नाही.

"खा! खा लाडू! जवाई मेला तरी चालते, लाडू नाई उरले पाह्यजे! अन् मामाजी, हे काय गाडी हाय का? डबडं हाय, डबडं! भंगारवाला फुकट नाई नेणार! पन्नास वर्षं पुसून राह्यले, एक रबर नाई बदलवता आलं? हेडमास्तर असान शाळेत! मले नोको तुमची गाडी! नागपूरवाल्याच्या गळ्यात बांधा!"

अजूनही बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंचक्रोशीनं ऐकावं अशा आवाजात बोललो, एवढंच सांगतो.

थोड्या वेळानं दार उघडल्याचा आवाज आला. वैशालीचा आवाज रडवेला होता.

"अहो, वाघ होता! तुमच्या पायापासून वीस पावलांवर! आमच्या तोंडून शब्दच नाई फुटला. आईच्या हातचा जुडगाच पडला."

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"तुमी वरडाले लागले न, तसा कान पाडून गेला निघून."

मी डोळे मिटले. वाचलो होतो! तेवढ्यात माझ्या पायांपाशी दोन काळे, चकचकीत पॉलिश केलेले बूट येऊन थांबले.

"जवाईबापू," मामाजींचा आवाज अगदी शांत होता, "वाघ गेला. या बाहेर."

तार केव्हाच घट्ट बसली होती. तरी मी पुढची वीस मिनिटं तिला पीळच देत राहिलो.