झांजा

चाकणच्या कंपनी बसमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही माझ्यासारखाच पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या धडधडाटात उभं राहून पन्नाशीला आलेला. इअरफोन घालून, मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून, तळहाताने कान दाबून तो रोज एकच जुना ग्रंज रॉकचा अल्बम ऐकायचा; बाहेर झिरपणाऱ्या आवाजावरून मला ओळखू यायचा. कॉलेजात असताना मलाही तो पाठ होता.

एकदा इअरफोन काढून म्हणाला, "ड्रमवरच्या झांजा गेल्या, राव. नुसतं ओरडणं उरलंय."

"रेकॉर्डिंग खराब असेल."

"रेकॉर्डिंग नाही भाऊ, कान. प्रेसनं खाल्ले." आणि हसला.

रविवारी घरी मी तोच अल्बम लावला. झांजा कुठेच ऐकू येईनात. मुलीला विचारलं.

"बाबा, सतत वाजतायत की!"

सोमवारी त्याने एक इअरफोन माझ्यापुढे धरला. मी तो कानात घातला आणि तळहाताने कान दाबला.