तिच्या आईचा विषाणू

आमच्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेला एक वाईट सवय होती. डेंगीच्या विषाणूची जनुकं वाचायची आणि संगणकाला सांगायचं, प्रथिन बदलणारे बदल तेवढे दाखव, बाकीचे झाक. त्या बाकीच्यांना मूक बदल म्हणतात. जनुकातलं एखादं अक्षर बदलतं, पण तयार होणारं प्रथिन तेच राहतं. तेच राहतंय ना, मग कशाला बघायचं? मी कितीदा कटकट केली, पण जित्याची खोड!

चंदगडची एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. आदल्या पावसाळ्यात तिची आई डेंगीनं गेली. घरच्यांच्या संमतीनं आईचं रक्त आमच्याकडे ठेवलेलं होतं, आणि त्यातला विषाणू वाचायचा हट्ट तिचाच. कारण थोरला भाऊ सगळ्या पैपाहुण्यांसमोर म्हणाला होता, "हिनंच दवाखान्यात न्यायला उशीर केला." विषाणूच जहाल निघाला, तर तिच्या उरावरचा दगड उतरणार होता.

अहवाल आला. नेहमीच्या विषाणूत आणि यात काही फरक नाही.

"म्हणजे माझंच चुकलं की, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. "अगं शहाणे, झाकलेलं उघड आधी! मग रड."

उघडलं. मूक बदल बरेच होते. प्रथिन तेच असलं, तरी ते बनायचा वेग या बदलांनी कमीजास्त होऊ शकतो. पन्हाळ्याला कुठल्याही वाटेनं गेलं तरी माणूस पन्हाळ्यालाच पोचतो, पण वेळ सारखा लागत नाही. मग आम्ही नेहमीचा आणि तिच्या आईचा, असे दोन्ही विषाणू शेजारीशेजारी पेशींवर वाढवले. ती रोज आल्याआल्या, खांद्यावरची पर्सही न काढता बघायला धावायची. खरं सांगते, मलाही वाटायचं, देवा, आईचाच जोरात वाढू दे.

तो हळू वाढला. पुन्हा करून बघितलं, तरी हळूच.

"म्हणजे वेळ होता," ती म्हणाली. "आई म्हणत होती, भाताची लावण आटपू दे, मग जाऊ. मी ऐकलं."

मी सांगितलं, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हळू वाढला म्हणजे माणसाच्या अंगातही हळूच वाढला असेल, असं नसतं. ते खरंच होतं. पण माझ्याच कानाला ते नुसतं समजूत काढल्यासारखं लागलं, आणि मला फार वाईट वाटलं.

घरी तिनं स्वतःच सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात भाऊ दारात हजर. भांडायलाच आलाय म्हणून मी पदर खोचला. त्यानं चपला बाहेर काढल्या.

"विषाणू हळू हुता म्हणं?"

"हो, पण ऐका..."

त्यानं ऐकलंच नाही. "पयल्याच दिवशी हिनं मला फोन केलता, मॅडम. गाडी माझ्या दारात हुती. मीच म्हटलो, लावण हुदे की."

ती त्याच्या मागंच उभी होती. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं, आणि इतक्या दिवसांत ती कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती.