भरलेली विहीर आणि विकतचा जार

सख्ख्या मामाला ‘पाणी बंद करा’ म्हणायचा हक्क शेतीची पदवी मिळाली म्हणून येतो का? मला ठाऊक नाही. तरी रविवारी स्वारगेटहून बारामतीची एसटी धरली. फोनवर मामाची सून, माझी वहिनी, म्हणाली होती, “नर्सबाई म्हणल्या, हिरीचं पाणी बाळाच्या दुधात घालू नका. नायट्रेट लई हाय.”

तुम्हीही जाणार असाल तर बायकांना अर्धं तिकीट आहे. बारामती स्टँडवर गरम भजी खा आणि इंदापूरच्या गाडीनं लासुर्ण्याला उतरा. भवानीनगरपासून दोन्हीकडे ऊसच ऊस. पिण्याचं पाणी मात्र सोबत न्या. इतक्या हिरव्या मुलखात हे लिहावं लागतं, याचीच चीड येते.

पाऊस नव्हता, तरी वस्तीच्या रस्त्यावर चिखल. मामाच्या हत्तीगवतातून पाणी फुटून वाहत होतं. बांधावर कुणी नाही. दारं धरायची, म्हणजे वाफा भिजला की पाणी पुढं वळवायचं, तर माणूस लागतो. मामेभाऊ लोणी देवकरला कंपनीत. म्हणून मोटरीला ‘ऑटो’ बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, ती लाईट जाईपर्यंत.

“आली का पुण्याची साहेबीण! पाय धू, चिखल हाय,” मामा ओट्यावरून म्हणाला.

“तुमच्याच पाण्याचा आहे. किती वाया घालवताय!”

“वाया? अगं, जातंय कुठं? मुरून आपल्याच हिरीत येतंय की परत!”

“येतंय ना! गवताचा युरिया आणि गोठ्याचं मूत घेऊन येतंय!”

“रातच्या लाईटीला साप-किरडात तू धरतीस व्हय दारं?”

तेवढ्यात आतून वहिनी म्हणाली, “मामंजी, या आठवड्यात लाईट दिवसाची हाय.” मांडीवर बाळ, शेजारी विकतचा जार. दारातली विहीर काठोकाठ.

म्हणजे दिवसासुद्धा ऑटोच! माझं डोकंच फिरलं. रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात गवत थांबेल, बाळाचं दूध थांबत नाही, हे मी ओरडून सांगितलं. मग मेन स्विच पाडून ऑटोचा डबा सोडवला, मोटर हातानं चालू केली आणि खोरं घेऊन वाफ्यात उतरले. जेवणाच्या वेळेआधी सगळं गवत भिजलं. मोटर बंद केली तेव्हा लाईट अजून होतीच.

एवढ्यानं विहीर लगेच सुधारणार नाही. जार अजून येतोच.

काल मामाचा फोन. “चोरटे, माझा ऑटो कुठाय?”

“भंगारात घातला, मामा. सोमवारीच.”