किसनराव मिस्त्री आणि माझे जास्तीचे तेल

इचोड्याच्या किसनराव मिस्त्रींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. आनंद आहेच, पण खरे सांगायचे तर जीव थाऱ्यावर नाही. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला न्यायचे आहे. गाडी माझी, चालवणार मी, आणि मी पहिल्यापासूनच घाबरट माणूस.

आमची ओळखही अशाच प्रवासात झाली. त्याच दुखण्यासाठी मी माझ्या वडिलांना आदिलाबादहून हैदराबादला नेत होतो. इचोड्याजवळ बॉनेटमधून धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला. मागे बाबा छातीवर हात ठेवून बसलेले, पुढे निर्मलचा घाट. ढाब्यावर कुणीतरी किसनरावांची शेड दाखवली. मी हातच जोडले, "काहीतरी आवळून द्या, लगेच निघायचंय."

किसनरावांनी बॉनेट उघडले आणि पान्याऐवजी ब्रश उचलला.

"आधी धुऊ द्या, सर. इतक्या मळात तेल कुठूनबी आल्यावानी दिसते."

मला रडू यायचेच बाकी होते. इंजिन गार होईपर्यंत त्यांनी बाबांना आत खाटेवर निजवले, आपल्या पत्नीला, काकूंना, बिनसाखरेचा चहा करायला सांगितले. मग डिझेलने इंजिन घासले, पुसून कोरडे केले, वर अंगाला लावायची पावडर शिंपडली आणि गाडी सुरू करून नुसते पाहत उभे राहिले. मी घड्याळ पाहत होतो. काही वेळाने पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उमटली. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल पाझरून खालच्या तापलेल्या पाइपवर पडत होते. मग त्यांनी तेल मोजायची डिपस्टिक ओढून पाहिली.

"तेल किती टाकलं तुमी?"

"रोज थोडं थोडं. कमी पडायला नको म्हणून."

"रोज! काऊन?"

"भीती वाटते हो."

ते हसले नाहीत. "खुणेच्या लय वर गेलं, सर. जास्तीचं तेल बाहेर निघायले जागा पाह्यते. पॅकिंग जुनं होतंच, तुमच्या काळजीनं त्याले ढकललं."

त्यांनी जास्तीचे तेल काढले, झाकणाचे पॅकिंग बदलले आणि लोंबणाऱ्या वायरी गरम पाइपापासून दूर नीट बांधून दिल्या. बाबा त्या शस्त्रक्रियेतून उठले आणि पुढे नऊ वर्षे आमच्यात राहिले.

किसनरावांची धुण्याची रीत सगळ्यांना रुचत नाही. एकदा माझ्यासमोरच एका व्यापाऱ्याने विकायची गाडी आणली. "सिर्फ चमका दो," म्हणाला. किसनराव म्हणाले, धुतो, पण घेणाऱ्यासमोर गाडी सुरू करून कुठे गळते तेही दाखवीन. तो तणतणत निघून गेला. किसनराव मात्र हात पुसून पुढच्या गाडीकडे वळले. इंजिनजवळ कुणी फडके कोंबून ठेवले की ते पेट घेईल म्हणून त्यांचा पारा चढतो; मी कसलासा आवाज ऐकून गाडी तपासून घ्यायला गेलो की म्हणतात, "तुमच्या कानात आवाज हाये सर, गाडीत नायी." आणि तरीही दर वेळी बॉनेट उघडून पाहतात. त्यांच्या या पाहण्याच्या जोरावर मी इतकी वर्षे ही जुनी गाडी चालवली.

गेल्या आठवड्यात त्यांनी तिला या प्रवासासाठी तपासले. डॉक्टरांनी श्रम करू नका म्हटले आहे, तरी ब्रश कुणाच्या हाती दिला नाही. घासले, पुसले, पावडर शिंपडली. पावडर कोरडी राहिली. मला राहवले नाही; विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ते वायरीची गाठ आवळत म्हणाले. "म्हणून तर तुमच्या संगं जाऊन राह्यलो. भेलेला माणूस गाडी सांभाळून नेते."

आज सकाळपासून मी तीनदा डिपस्टिक ओढून पाहिली आहे. तेल खुणेवर आहे. थेंबभरही टाकलेले नाही.

किसनरावांना उदंड आयुष्य लाभो, निरोगी लाभो. त्यांनी घाट चढून ठणठणीत परत यावे, आणि मी पुन्हा एखादा नसलेला आवाज घेऊन शेडवर गेलो की त्यांनी मला चांगले रागवावे.