हॅलोबाईंचा आवाज बसला त्या दिवशी

बस डेपोच्या हजेरी-खिडकीमागे हॅलोबाई एकवीस वर्षं बसतात. समोर काळा टेलिफोन, लांबट हजेरीपट, एक निळं आणि एक लाल पेन. पहाटे पाच ते सात या वेळात कामावर येऊ न शकणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे फोन घ्यायचे आणि बदली माणूस लावायचा, हे त्यांचं काम. खिडकीच्या काचेवर त्यांच्याच अक्षरातला नियम चिकटवलेला आहे: ‘रजेसाठी फोन स्वतः करावा. मेसेज चालणार नाही. घरच्यांचा फोन चालणार नाही.’

बाईंचे कान तिखट. एकाचा ताप त्यांनी फोनमागे ऐकू आलेल्या रेल्वेच्या घोषणेवरून उतरवला होता. तापलेला माणूस तीन नंबरच्या फलाटावर काय करतोय, एवढंच त्यांनी विचारलं. लंबू नावाचा ड्रायव्हर फोनवर खोकायचा, पण दोन खोकल्यांत अगदी सारखं अंतर ठेवायचा. खोकला काही वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, असं म्हणून बाईंनी त्याला पावणेसहाच्या गाडीवर धाडलं.

नवे डेपो मॅनेजर मात्र मेसेजच्या बाजूचे. मेसेज लेखी राहतो, त्यावर वेळ येते, वाद होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेसेजला घसा नसतो, मग तो बसलाय की नाही हे कळणार कसं, असं बाईंचं. दोन महिने हे चाललं. शेवटी शुक्रवारी मॅनेजरांनी निकाल लावला. शनिवारी नेहमी दहा-बारा जण दांडी मारतात. या शनिवारीही तेच झालं, तर सोमवारपासून मेसेज सुरू, आणि बाईंची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथं छत्र्या आहेत, आणि छत्र्या फोन करत नाहीत.

बाई त्या संध्याकाळी मॅनेजरांशी तासभर भांडल्या. शनिवारी पहाटे उठून तोंड उघडलं, तर पंक्चर ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघाली.

बाईंचे मिस्टर निवृत्त कंपाउंडर. त्यांनी चमच्याने जीभ दाबून घसा पाहिला आणि दोन दिवस मौन सांगितलं. म्हणजे रजा आली. पण रजा कळवायची कशी? फोन करायला आवाज नाही. मेसेज करावा, तर मॅनेजर तो फ्रेम करून लावतील. मिस्टर म्हणाले, मी तुझ्या आवाजात बोलतो, आणि नमुना करूनही दाखवला. बाईंनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

पाचला त्या खुर्चीत होत्या. आकडा मोजायला मॅनेजरही मुद्दाम लवकर येऊन काचेपलीकडच्या केबिनमध्ये बसले होते. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी उचलला आणि सवयीने ‘हॅलो’ म्हणायला तोंड उघडलं. अळीमिळी गुपचिळी.

“मॅडम, लंबू बोलतोय. ताप आहे.”

बाई गप्प.

“म्हणजे तसा फार नाही. कणकण आहे.”

बाई गप्पच. लंबूने खोकून पाहिलं. अंतर या वेळी कमी-जास्त ठेवलं.

“खरं सांगायचं तर मला नाही, मेव्हण्याला आहे. म्हणजे होता, मागच्या आठवड्यात. मॅडम, त्याच्या घराला रंग द्यायचाय. शिडी लागू नये म्हणून मला बोलावलंय. बरं, राहू दे. येतो मी. पावणेसहाचीच ना?”

सातपर्यंत अकरा फोन आले. दहा जणांच्या पोटातलं ओठावर आलं आणि पाठोपाठ ते स्वतःही आले. येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, आज बाई भयंकर तापल्यात, अक्षर बोलत नाहीत. अकरावा कंडक्टर तेवढा बधला नाही. पाय मुरगळलाय, आता तुम्ही बोला नाहीतर बोलू नका, असं सुनावून त्याने फोन आपटला. त्याच्या नावापुढे बाईंनी लाल पेनाने ‘रजा’ लिहिलं. खरं दुखणं त्यांना लगेच कळतं.

मॅनेजरांनी हजेरीपट दोनदा पाहिला. गैरहजर एक. टेलिफोन राहील, असं म्हणून ते केबिनमध्ये परतले. तेव्हा बाईंनी मोबाइल काढून आयुष्यातला पहिला रजेचा मेसेज त्यांना पाठवला: ‘आवाज गेला आहे. दोन दिवस रजा हवी.’

मॅनेजरांनी तो वाचला, काचेतून बाईंकडे पाहिलं आणि शांतपणे आपला फोन उचलला. बाईंच्या टेबलावरचा वाजला.

“बाई, नियम तुमचाच आहे. मेसेज चालत नाही. तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

बाई गप्प.

“नाही, घ्या हो रजा. मी आपली गंमत केली.”

बाई गप्प.

मॅनेजरांनी खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली.

“आणि ते छत्र्यांच्या खोलीचं,” ते हळूच म्हणाले, “वर कुणाला विचारलंच नव्हतं मी. नुसतं आपलं तुम्हाला घाबरवायला.”

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला, लाल पेन उचललं आणि स्वतःचं नाव शोधायला लागल्या.